अर्थ

सलमाबादच्या गल्लीत दुपारी
अर्धं शटर ओढून आम्ही डबे उघडतो,
तेवढ्यात टो-ट्रकच्या पाठीवर आली ती क्रेसिडा.
अठ्ठ्याऐंशीची. रंग एकेकाळी निळा असावा.
मागच्या टॅक्सीतून उतरला हाजी जुमा.

"बॅटरी नवी. सेल्फ नवा. डायनामो नवा.
तीन गॅरेज, तीन बिलं," तो म्हणाला.
"सकाळी चालते. उन्हात मरते.
बुरुश, आता तू बघ."

माझं नाव पुरुषोत्तम.
पण त्याच्या तोंडात प नाही,
आणि माझ्या हातात बहुतेक वेळा तारेचा ब्रश असतोच,
म्हणून चालतं.

चावी फिरवली. टक्.
आमच्याकडची माणसं मान न हलवता
च्यक करून नाही म्हणतात, तसं.
दिवे लावून पुन्हा फिरवली.
टक्. पण दिवे मंदावले नाहीत,
म्हणजे ताकद होती, कुठे जात नव्हती.

रियासत डेंटर म्हणाला, सेल्फच.
बाबुकुट्टी म्हणाला, रिले. पैज लाव.
मी सहज ॲक्सिलरेटरच्या केबलला हात लावला
आणि चटका बसला.

तिचा काय संबंध?
पाय दाबला की ओढली जाणारी साधी तार ती,
विजेशी ना देणं ना घेणं.
पण करंट हट्टी. बॅटरीतून निघाला
की त्याला बॅटरीतच परत यायचं असतं,
आणि नेहमीची पायवाट बुजली
तर तो कुणाच्याही परसातून येतो.

मीटर काढला. एक टोक बॅटरीच्या काळ्या मुंडीवर,
दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडावर.
"मार सेल्फ!"
काटा शून्याशी पेंगायला हवा होता.
साडेचार.

मग पाठीवर झोपून खाली शिरलो.
गिअरबॉक्सशेजारी, हात पोचणार नाही अशा जागी,
विणलेल्या तांब्याचा बोटभर पट्टा,
खाऱ्या हवेने हिरवा पडलेला.
धरला तर अर्धा हातात आला, भुगा होऊन.

चिपळूणला भिकू मेस्त्री म्हणायचा,
जाणारी वायर सगळे तपासतात रे,
परत येणारी कोण बघतो?
आणि वहीत लिहून घ्यायला लावायचा: *गाडीला अर्थ हवा.*
वडील ती वही वाचून आईला म्हणाले होते,
पोरगा तत्त्वज्ञान शिकतोय की गॅरेज?

हाजीला सांगितलं, "अर्द नाही गाडीला."
त्याने चपलेने जमीन ठोकली.
"मग ही काय आहे?"
"ती रबरावर उभी आहे, हाजी."
यावर तो बराच वेळ काही बोलला नाही.

बोल्टखालचा रंग पॉलिश पेपरने खरवडला,
लोखंड चांदीसारखं हसेपर्यंत.
नवा पट्टा आवळला, वरून ग्रीसचा लेप.
चावी. पहिल्या फटक्यात.
"दोन दिनार," मी म्हणालो,
आणि तो माझ्याकडे संशयाने बघू लागला,
एवढ्या स्वस्तात बरं झालेलं कुणाला आवडत नाही.

बॅटरी काढली होती, म्हणून डॅशबोर्डचं घड्याळ
बारा वाजवून लुकलुकत होतं.
मनगटाकडे बघून लावून दिलं. गाडी गेली.
बाबुकुट्टीने पैजेचा चहा आणला.
पहिल्या घोटाला लक्षात आलं:
हे मनगटावरचं मी अकरा वर्षांत बदललेलं नाही,
ते अजून गुहागरची वेळ दाखवतं,
इथल्याहून अडीच तास पुढची.

महिन्याने हाजी आला, ऑइल बदलायला.
"बुरुश, घड्याळ पुढे आहे."
मी ओशाळून खिडकीतून हात घातला.
त्याने तो धरला.
"राहू दे. या गाडीत पुढे असलेलं
तेवढंच एक आहे."

बॉनेट उचललं. ऑइल राहिलं बाजूला,
आधी सवयीने त्या केबलला हात लावला.

गार होती.